टाकीचा खून

नलिनीने आणखी एक काडी ओढली, तरी शेगडी पेटली नाही. ती तशीच तणतणत शेजारच्या जिन्याने वर गेली.

"अनुपमाताई, टाकी परत मेली."

अनुपमा प्रभुदेसाई वीज कंपनीच्या दक्षता पथकातून निवृत्त झाल्या होत्या. उभी हयात मीटरशी खेळ करणाऱ्यांना पकडण्यात गेल्यामुळे कोणी गोड बोलायला लागलं, की त्यांना आधी त्याचं वायरिंग तपासावंसं वाटे.

मुलुंडच्या त्या सोसायटीच्या मागच्या अंगाला बायोगॅसची टाकी होती. सगळ्या घरांचा ओला कचरा तिच्यात जाई आणि त्या गॅसवर नलिनी एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी पोळी-भाजी करी. टाकी सांभाळायचं काम तिच्या नवऱ्याचं, नंदूचं. नोकरीबरोबर मिळालेली जिन्याखालची खोली हेच त्या दोघांचं घर. आता टाकीचं खापर नंदूवर फुटलं होतं. रविवारच्या सभेत टाकी काढून तिथे इलेक्ट्रिक गाड्यांचा चार्जर बसवायचा आणि नंदूला नारळ द्यायचा, हे जवळजवळ ठरल्यात जमा होतं.

"आरेच्या गोठ्यातून ताजं शेण आणून घातलं होतं ना?" अनुपमाताईंनी विचारलं.

"घातलां होतां. चार दिस झकास पेटली. मगे परत तसांच."

म्हणजे टाकी आपोआप आजारी पडत नव्हती. तिला कोणीतरी काहीतरी पाजत होतं. अनुपमाताईंनी चष्मा लावला आणि त्या खाली उतरल्या.

नंदू टाकीजवळ मान खाली घालून उभा होता. पहिला संशय त्याच्यावरच घ्यायला हवा होता, आणि त्यांनी तो घेतला.

"झाकणाची चावी कोणाकडे असते?"

"माझ्या कमरेक. न्हाताना पण सोडूचंय नाय."

"कचऱ्यातून कोणी फिनेल, ॲसिड टाकलं असेल?"

"हातान निवडतंय मी, ताई. वास येवचो नाय?"

"त्यात पाणी कुठलं घालतोस?"

नंदूने कोपऱ्यातल्या निळ्या ड्रमकडे बोट केलं. "हर्षदसायबांनी पंपरूमातसून पाइप दिल्यानी. बोअरचा पाणी मशीनीत मऊ करतत ना, त्यातला फुकट जाणारा हय येता. उरला तर जिन्यातल्या कुंड्यांका घालतंय. सायबांचो मोगरो तेवढो सोडून. थंय ते स्वतः नळाचा घालतत. म्हणतत, नंदू, तुका किती कामां. चांगलो माणूस."

या पाइपबद्दल सभेत टाळ्या वाजल्या होत्या, हे अनुपमाताईंना आठवलं. सोसायटीच्या समितीतला, पाणी वाचवणारा तरुण म्हणून हर्षदचं फार कौतुक झालं होतं.

तळमजल्यावर नाना राहत. त्यांची खिडकी नेमकी टाकीवर उघडे.

"नाना, परवा तुम्ही फिनेलची बाटली घेऊन मागे गेला होतात."

"गेलो होतो. गटारात ओतली. त्या वासाने मला खिडकीत बसवत नाही. टाकी गेली तर पेढे वाटीन."

"आणि पोळ्या कोण देणार?"

नानांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. इतकं उघड बोलणारा माणूस सहसा चोरून काही करत नाही, असा अनुपमाताईंचा अनुभव होता. तरी त्यांनी मागे जाऊन गटाराच्या तोंडाशी वास घेतला. फिनेल तिथेच ओतलेलं होतं.

हर्षद पार्किंगमध्ये आपली नवी इलेक्ट्रिक गाडी पुसत होता.

"काकू, मीसुद्धा पर्यावरणाच्याच बाजूचा आहे," तो हसत म्हणाला. "धूर नाही, आवाज नाही. पण त्या टाकीचं आता आयुष्य संपलं."

"चार्जर टाकीच्याच जागी का रे?"

"मग कुठे? आवारातला आंबा तोडायचा का?"

उत्तर तयार होतं. तयार उत्तरं अनुपमाताईंना कधीच आवडत नसत. त्या लिफ्ट सोडून जिन्याने निघाल्या. प्रत्येक दाराशी कुंडी होती. कढीपत्त्याच्या कडा करपल्या होत्या, तुळशी सुकल्या होत्या, मातीवर पांढरट थर आला होता. हर्षदच्या दारातला मोगरा मात्र कळ्यांनी वाकला होता.

"काय बहरलाय गं," त्या हर्षदच्या बायकोला, निधीला म्हणाल्या.

"हर्षदच बघतो त्याच्याकडे. पाणी घालायचं तर नळाचंच, अशी ताकीद आहे मला."

अनुपमाताई तशाच खाली ड्रमपाशी गेल्या. त्यांचे आजोबा इथल्याच मिठागरात राबले होते. अनुपमाताईंनी ड्रममधलं पाणी परातीत घेतलं आणि गच्चीवरच्या उन्हात ठेवलं. संध्याकाळी परात झाकून घरी आणली.

सभेत अध्यक्ष विद्याधर ठराव मांडणार, एवढ्यात अनुपमाताईंनी परात टेबलावर ठेवली. तळाला पांढरा थर होता.

"विद्याधर, जरा चाखून बघ."

विद्याधरांनी बोट लावलं आणि तोंड वाकडं केलं. "मीठ आहे."

"नंदूच्या ड्रमातलं. पाणी मऊ करणारं मशीन मिठाच्या पाण्याने धुवावं लागतं. ते खारं पाणी गटारात जायला हवं. आपल्याकडे ते ड्रममध्ये येतं. कचऱ्याचा गॅस करणारे जीव त्यात जगत नाहीत. झाकणाला कुलूप होतं, चावी नंदूकडे होती, आणि विष त्याच बिचाऱ्याच्या हाताने आत जात होतं."

सगळे हर्षदकडे बघू लागले.

"मला काय माहीत काकू? पाणी वाचावं म्हणून मी पाइप जोडला."

"चूक कोणाचीही होते," विद्याधर म्हणाले. बऱ्याच माना हलल्या.

"मलाही आधी चूकच वाटली," अनुपमाताई म्हणाल्या. "पण त्या पाण्याने सगळ्या जिन्यातल्या कुंड्या करपल्या, फक्त एक सोडून. हर्षद, ज्याला माहीत नसतं, तो आपल्या मोगऱ्यालाही तेच पाणी घालू देतो. तुला टाकी मरायला हवी होती, चार्जरसाठी. मोगरा मरायला नको होता."

हर्षदने निधीकडे पाहिलं. निधी मात्र परातीकडे बघत होती.

"मी विचारलं होतं," ती हळूच म्हणाली. "आपल्याच कुंडीला वेगळं पाणी का म्हणून. हर्षद, तू म्हणालास, ड्रममधल्या पाण्यात मीठ असतं."

ठराव मांडलाच गेला नाही. पाइप काढला, हर्षदला समितीतून काढलं, आणि आरेतून पुन्हा शेण आणायचा खर्च त्याच्याच माथी आला. टाकी सावरायला वेळ लागला. शेगडीने निळी ज्योत धरली त्या दिवशी नलिनी पदराने डोळे पुसत पोळ्या लाटत होती, आणि ताट घेऊन सगळ्यांत आधी नाना हजर होते.

अनुपमाताई जिना चढत होत्या. हर्षदच्या दाराशी नंदू बादली घेऊन घुटमळत होता.

"ताई, सायब आता ह्येच्याकडे बघनत नाय. घालू काय पाणी?"

"घाल की. मोगऱ्याने काय केलंय?" त्या म्हणाल्या. पण आधी त्यांनी बादलीत बोट बुडवलं आणि पाणी चाखून पाहिलं.