उन्हात उडणारा पतंग

शनिवार पेठेतल्या आमच्या रफूच्या दुकानात शमशुद्दीनने रफूसाठी आणलेली शाल उलगडली, तेव्हा घडीतून एक इवलासा करडा पतंग उडाला. मी हात उगारलाच. रफूगराच्या घरात लोकरीपाशी काहीही फडफडलं, की ती लोकर कुरतडणारी कसर समजून आधी मारतात, मग बघतात.

"थांबा." त्याने पतंगावर ओंजळ धरली. "ही कसर नाही. आमच्या डोंगरातला आहे. कोश लोकरीला चिकटून आला असेल."

काश्मीरचा हा व्यापारी पेशव्यांच्या सरदारांना शाली विकायला दरसाल पुण्यात यायचा, मराठीही छान बोलायचा. आमच्या दुकानात मात्र पहिल्यांदाच आला होता. त्याचे डोळे... असू दे.

"पतंग, आणि दिवसाढवळ्या उडतो?" मी विचारलं.

"हा राहतो तितक्या उंचावर झाडंसुद्धा उगवत नाहीत. नुसते दगड आणि जमिनीलगतची फुलं. रात्री असं गारठतं, की बिचारा उन्हातच उडून घेतो."

"शहाणा आहे. आमच्या पुण्यात दुपारी माणसंसुद्धा हलत नाहीत."

तो हसला. पतंगाला आम्ही पाण्याच्या माठाशेजारी, गारव्याला ठेवलं. मग त्याला बघायच्या निमित्ताने शमशुद्दीन रोज येऊ लागला, आणि माझे टाके उगाचच बारीक होत गेले. अब्बांना सगळं दिसत होतं, पण ते सुईत दोरा ओवत राहिले.

शालीचं रफू पुरं झालं त्याच दुपारी पतंग माठाच्या बुडाशी निपचित पडला होता. शमशुद्दीनने त्याला ओंजळीत उचललं.

"उद्या निघतो," तो म्हणाला. "तुमच्या अब्बांकडे काही मागायचं होतं... पण नाही मागणार. एकीकडचा जीव दुसरीकडे टिकत नाही, रझियाबी. तिथल्या बर्फात तुम्ही—"

मला रडू आलं, आणि त्याहून जास्त राग आला. माझं उत्तर यानेच परस्पर देऊन टाकलं होतं.

"त्या पतंगाला कुणी विचारलं होतं, येतोस का म्हणून?"

"नाही."

"मग मला विचारा. मला यायचंय. आणि त्या बिचाऱ्याला शाल पांघरता येत नव्हती, मला येते."

मी ती शाल झटकली आणि स्वतःच्याच खांद्यांवर घेतली.

"अब्बा आत आहेत," मी म्हटलं. "लगेच जा. थोड्या वेळाने झोपतील, मग खुद्द पेशवे आले तरी उठायचे नाहीत."