दुसऱ्या खांबापाशी

चिकपेटेच्या बाजारात माणसाला आपल्या मर्जीने चालता येतं ते फक्त रविवारी. एरवी गर्दीच त्याला चालवते. त्या रविवारी शटरं खाली होती, बारीक पाऊस पडत होता आणि शुभदा एका जुन्या कापडपेढीच्या दगडी कट्ट्यावर मेजर टेपशी एकटीच झटापट करत होती. टेपचं एक टोक भिंतीला लावून दुसऱ्या टोकाकडे धावलं की पहिलं सुटायचं. सोबत येणारा ऑफिसातला कार्तिक ऐनवेळी आजारी पडला होता, आणि तो नेमका रविवारीच कसा आजारी पडतो, हे ती फोनवर आईला चिडून ऐकवत होती.

“टोक मी धरू काय?” मागून कुणीतरी, त्या कानडी शहरात, मराठीत विचारलं.

तिने वळून पाहिलं. उंच, सडपातळ, हातात तेलाची कुपी आणि सुट्टीच्या दिवशीही गळ्यात शिंप्याचा टेप. दुसऱ्या खांबापाशी त्याचं पायाचं शिलाई मशीन उभं होतं. आठवडाभर त्याला उसंत नसायची, म्हणून रविवारी तो तेलपाणी करायला यायचा. नाव नागनाथ, मूळचा निपाणीचा. साड्यांना फॉल-पिको करायला आधी त्याचे आजोबा या कट्ट्यावर बसले, मग अप्पा, आता हा. पेढी कधीच बंद पडली होती, कट्टा मात्र चालू राहिला होता.

आता मालकाच्या नातवांना तिथे साड्यांचं दालन आणि कॉफीची जागा करायची होती. काम शुभदाच्या ऑफिसला मिळालं होतं, आणि काही बदलण्याआधी इमारत इंचनइंच मोजून कागदावर उतरवायची होती. त्यासाठी सहा रविवार लागणार होते. ते सहा रविवार टेपचं टोक नागनाथनेच धरलं. कार्तिक बरा झाला होता, पण त्याला ये म्हणून कुणी सांगितलंच नाही.

ती आकडा इंग्रजीत वाचायची, तो मुद्दाम कन्नडमध्ये परत म्हणायचा आणि ती लिहिताना चुकायची. माप झालं की तो टोक सोडून देत नसे. ती टेप गुंडाळत जाई तसा तो टोक धरून तिच्याकडे चालत येई... आणि शेवटचं वीतभर अंतर उरलं की दोघंही पावसाकडे बघत.

“मॅडम, तुम्ही भिंतींची मापं घेता, आम्ही माणसांची. अवघड काय?”

“माणसं. भिंत निदान जाडी होत नाही.”

“म्हणून आम्ही शिवणीच्या आत दोन बोटं कापड जास्त सोडतो. उद्या उसवून वाढवायला. तुमच्या नकाशात तसं काय सोडता?”

“नकाशात काही सोडायचं नसतं. जे आहे तेवढंच.”

“सरी,” कन्नडमधलं ‘बरं’ म्हणत तो हसला. “मग मला नीट काढा की.”

तिसऱ्या रविवारी मशीनशेजारी त्याच्या स्टुलाबरोबर आणखी एक स्टूल दिसलं. कुणासाठी, असं तिने विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही. ती त्यावर बसून कॉफी प्यायची. तोवर ‘मॅडम’ जाऊन ‘तू’ आलं होतं. पाचव्या रविवारी फरशी मोजायची म्हणून त्याने स्वतःच मशीन उचलून आत नेलं. मशीनखालच्या दगडाला खळगा पडला होता. अप्पांची टाच तिथं टेकायची, तो म्हणाला. शुभदाने खळगा मोजला. मालक आपल्याला काढणार तर नाहीत, असं त्याने त्या दिवशी जरा अडखळत विचारलं होतं.

“तुझी जागा कुठे जात नाही,” ती म्हणाली. अगदी मनापासून म्हणाली.

तिच्या धंद्यात एक शिस्त आहे. मोजणीच्या नकाशात हलणाऱ्या वस्तू काढत नाहीत. खांब, भिंत, पायरी, खिडकी काढतात; खुर्ची, टेबल, हातगाडी नाही. शुभदा या शिस्तीत पक्की होती, ऑफिसात तिच्या रेघांचं कौतुक व्हायचं. तिने तो कट्टा असा सुंदर काढला की बघत राहावं... आणि त्यावर काहीही नव्हतं. मशीन हलणारी वस्तू. स्टूल हलणारी वस्तू. तीन पिढ्यांचा माणूस तर आणखीच हलणारा. खळगा मात्र तिने इमानाने दाखवला होता आणि शेजारी लिहिलं होतं, ‘दुरुस्ती आवश्यक.’

जानेवारीतल्या बैठकीत मालकांनी तिच्याच नकाशावर बोट ठेवलं. कट्टा रिकामा आहे, तिथे कॉफीची टेबलं छान बसतील. शुभदा उठून बोलली, तिथं एक माणूस बसतो म्हणाली, त्याच्या आजोबांपासून सांगत राहिली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, यात कुठे आहे? कागद तिचाच होता.

तिने धावपळ केली. इंदिरानगरातल्या एका कपड्यांच्या दुकानात त्याची सोय लावली. तो आठवडाभर गेला. तिथल्या मागच्या खोलीतून रस्ता दिसत नाही, ओळखीचं गिऱ्हाईक हाक मारत नाही, असं म्हणून परत आला. निपाणीत अप्पांना आता नीट दिसत नव्हतं, त्यांच्याजवळ तरी राहीन, म्हणाला.

कट्ट्यावरच्या शेवटच्या दिवशी त्याने मशीनचा पट्टा काढून खिशात ठेवला. शुभदा खांबाला टेकून उभी होती.

“तू रागव तरी माझ्यावर,” ती म्हणाली.

“कशाला? फरशी मोजायला मशीन मीच उचलून दिलं की.” त्याने तेलाची कुपी पिशवीत टाकली. “मी तुला विचारणार होतो, शुभदा. जे. पी. नगरला येऊन, तुझ्या बाबांना. आता काय सांगू त्यांना... कुठं बसतो म्हणून सांगू?”

जागेशिवाय विचार, मी हो म्हणेन. एवढंच वाक्य होतं. ते तिच्या ओठांपर्यंत आलं. पण ज्या हाताने त्याला पुसलं तोच हात त्याच्यापुढे कसा करायचा, या लाजेने ती पावसाकडे बघत राहिली. पाऊस तर त्या दिवशी नव्हताच. टेम्पो मशीन घेऊन गेला.

ते वाक्य लिहायला तिला दीड वर्ष लागलं. तिने कट्टा पुन्हा काढला, या वेळी सगळी शिस्त मोडून. मशीन, त्याचं स्टूल, तेलाची कुपी, टाचेचा खळगा, सगळं मापात. कागदाच्या मागे लिहिलं, ‘जागेशिवाय विचार. मी हो म्हणेन.’ आणि निपाणीच्या पत्त्यावर पाठवून दिलं.

बारा दिवसांनी तोच कागद परत आला. सोबत चिठ्ठी होती:

‘शुभदा, वैशाखात माझं लग्न झालं. ती चांगली आहे. हा कागद घरात ठेवणं बरं न्हाई आणि फाडायला हात होत न्हाई, म्हणून परत पाठवतो. नकाशा बरोबर आहे. एकच राहिलं होतं, ते मी भरलं.’

तिने कागद उलगडला. मशीनच्या डाव्या बाजूला शिंप्याच्या निळ्या खडूने एक छोटा गोल काढला होता. दुसरं स्टूल. खाली लिहिलं होतं, ‘तू इथं बसायचीस.’

या खेपेला ती स्वतःला काढायला विसरली होती.

पुढच्या रविवारी ती चिकपेटेत उतरली. कॉफीची जागा सकाळची उघडायला अजून अवकाश होता, टेबलं उलटी रचून ठेवली होती. खळग्याच्या जागी फिक्या रंगाचा नवा दगड होता. तिने पर्समधून टेप काढला. एक टोक खांबाशी पर्सखाली दाबून ठेवलं आणि निळा गोल जिथं यायला हवा तिथवर मोजत गेली. मग जमिनीवरच बसली. डोळे भरून आले तसे तिने येऊ दिले.

पहारेकरी आला. वयस्कर होता, भला वाटत होता.

“अक्का,” तो कन्नडमध्ये अगदी हळू म्हणाला, “इथं कुणी बसायचं नाही.”

“सरी,” शुभदा म्हणाली आणि उठली.