महिन्याची तिसरी एकादशी

या मायबाप हो, असे जवळ सरकून बसा, टाळ क्षणभर मांडीवर ठेवा. बुवा कीर्तनाला उभे राहायच्या आत आपल्या लातूरच्या एका माउलीची गोष्ट ऐका... डोळे भरून आले तर येऊ द्या, पण गोष्ट संपेल तेव्हा मान ताठच असेल, हा माझा शब्द!

"मावशी, तुमचे पैसे किती वयापर्यंत पुरवायचे?" नबीलनं पेन सरसावत विचारलं. "मी सगळ्यांचं नव्वद धरतो."

"अगं बया, नव्वद! सत्तर धर. दहा वर्षं लई झाली."

तुळजाबाईंनी नुकतीच साठी ओलांडली होती. बाहेरगावाहून लातुरात शिकवणीला येणाऱ्या पोरांची मेस त्यांनी अडतीस वर्षं चालवली. पण आता गुडघे ऐकेनात, म्हणून पुढच्या महिन्यात मेस बंद करून, साठवलेल्या पैशात, कुणाच्या दारात न जाता उरलेलं आयुष्य कसं काढायचं, हे विचारायला त्या आर्थिक सल्लागाराकडं आल्या होत्या. आणि हा सल्लागार तरी कोण? शिरूर अनंतपाळहून शिकायला आलेला, तीन वर्षं त्यांच्याच पंगतीत जेवलेला नबील!

"तुमच्या घरात कोण किती जगलं, सांगा बरं."

"आजी ब्याण्णवाची होऊन गेली. पण तू सत्तरच लिही बाबा. त्याच्या पुढचं समदं माझ्या भाचीच्या, स्वप्नालीच्या नावानं काढून ठेव. डॉक्टर व्हायचं म्हणायलीय ती."

"हे मला पटत नाही, मावशी."

"तू सल्ला दे, हुकूम करू नको. माझी भाकर खाऊनच एवढा झालास!"

नबील हसला आणि त्यानं 'सत्तर' लिहिलं. मग हळूच म्हणाला, "स्वप्नाली सतरा वर्षांची आहे. वारस म्हणून तिचं नाव घालायचं तर पालकाची सही लागेल... दयानंदमामांना बोलवावं लागेल."

दयानंद! स्वप्नालीचा बाप. आईबाप गेले तेव्हा तुळजाबाईंचा हा धाकटा भाऊ अवघा सहा वर्षांचा... त्याच्यासाठी त्यांनी ठरलेली सोयरीक स्वतःहून मोडली, डोक्यावरून डबे वाहिले, त्याला इंजिनिअर केलं. भाकरी कमी पडली की त्या हसून म्हणायच्या, "तू खा रे राजा, आज माझी एकादशी हाय!" आणि तोच दयानंद तीन वर्षांपूर्वी नांदेडला नव्या घराच्या वास्तुशांतीत, आपल्या साहेबाला, बहिणीकडं बोट दाखवून म्हणाला होता, "ह्या आमच्या आचारीणबाई!" हातातलं पातेलं तुळजाबाईंनी सांडू दिलं नाही. शेवटची पंगत वाढून झाल्यावरच त्या लातूरच्या एसटीत बसल्या... आणि पुन्हा त्या उंबऱ्यावर पाऊल ठेवलं नाही. पण भाचीवरची माया, ती कुठं आटणार होती?

पुढच्या रविवारी दयानंद लेकीला घेऊन नबीलच्या ऑफिसात आला. तीन वर्षांनी बहीणभाऊ समोरासमोर! त्यानं खाली मान घालूनच नमस्कार केला. तुळजाबाईंच्या तोंडून निघालं ते एवढंच,

"जेवून आलास का?"

त्यानं कागद पुढं ओढला. सहीची जागा शोधता शोधता त्याचं बोट एका आकड्यावर थबकलं. "हे सत्तर काय आहे?"

"काही न्हाई. तू सही कर."

स्वप्नालीनं मात्र वाकून सगळा कागद वाचला होता. "आत्या, सत्तरीनंतर तुमच्या रकान्यात शून्य आहे... मग तुम्ही खाणार काय?"

अडतीस वर्षांची सवय! तुळजाबाई पटकन बोलून गेल्या, "मला काय लागतंय गं? माझी एकादशी असती..."

दयानंदच्या हातातून पेन गळून पडलं. त्याची साहेबी भाषा क्षणात विरघळली.

"कोणती एकादशी, ताई? महिन्याला दोनच असत्यात! आपल्या घरी चार-चार यायच्या... पंचांग वाचाय शिकलो तवा कळलं मला. आन् कळूनबी मी माझी भाकर कधी अर्धी केली न्हाई गं!" त्यानं ताईच्या पायांवर डोकं ठेवलं. "आता तू सत्तरीपुढच्या वर्षांचीबी एकादशी धराय लागलीस? आन् त्या दिशी मी तुला आचारीण म्हणलो..."

"मी आचारीणच हाय!" तुळजाबाईंची नजर ढळली नाही. "हजारो लेकरं जेवू घातली ह्या हातांनी. त्याची लाज मला कवाच वाटली न्हाई. तू 'बहीण' म्हणायला इसरलास... तेवढंच दुखलं बघ!"

मग दयानंद डोळे पुसत उठला. "नबील, तो आकडा खोड. माझ्या पोरीचं शिक्षण मी करीन, ते माझं काम हाय. ताई, तू नांदेडला चल."

"येईन की! दिवाळीला, पाहुणी म्हणून. पण ऱ्हाणार माझ्याच घरात, माझ्याच पैशावर. लिही रे नबील, त्र्याण्णव! आजीच्या पुढं एक वरीस."

नबीलनं पुन्हा हिशेब मांडला. मेसची खोली भाड्यानं दिली, पैशांचा थोडा भाग वाढीला लावला, तर... त्यानं मान वर केली. "हात आखडून ऱ्हावं लागंल मावशी, पण पुरतील!"

दुपारी सगळे मेसवर गेले. पदर खोचून वाढायला निघालेल्या तुळजाबाईंना भावानं हाताला धरून पहिल्या पंगतीत बसवलं. आयुष्यात पहिल्यांदाच! त्या अवघडून इकडंतिकडं बघत होत्या. पोरांना वाढता वाढता भाकरीच्या टोपलीचा तळ दिसला, आणि दयानंद मिस्कील हसत म्हणाला,

"माझं राहू द्या. आज माझी एकादशी हाय."

"पंचांग बघून बोल, मुडद्या!" तुळजाबाईंनी आपल्या ताटातली भाकरी मोडून अर्धी त्याच्यापुढं धरली. "आज द्वादशी हाय. बस, पारणं फेड!"

...आणि एका ताटात ती दोघं जेवली.

बुवा आले बघा, उचला टाळ. एवढंच मागणं आहे, मायबाप: पुढच्या द्वादशीला पारण्याचा पहिला घास उचलाल, तेव्हा लातूरच्या तुळजाबाईंची आठवण ठेवा, आणि तुमच्या घरात अजून कोण जेवायचं राहिलंय, तेवढं मागं वळून बघा.