उताराला मागनं धरणारा

ही गोष्ट खरी आहे. ऐकीव नाही. ज्याच्यावर बेतली तो माझा सख्खा मामा आहे आणि त्याला खोटं बोलता येत नाही. प्रयत्न केला की कान लाल होतात.

१७ डिसेंबर १९९६. मंगळवार.

रात्र नव्हती. भर दुपारचे पावणेबारा. अमावस्या नाही, पौर्णिमा नाही.

जागा, मलकापूरपासून नऊ किलोमीटरवरचा एक चढ. नाव सांगत नाही. तिथं आता प्लॉट पाडलेत आणि आमच्याच पाव्हण्यांनी दोन घेतलेत.

राजरत्नमामानं तेव्हा एक गाडी बनवली होती. भंगारातली जुनी मोटार, आतलं इंजिन काढून टाकलेलं. त्या जागी कारखान्याच्या भंगारातली विजेची मोटर आणि ट्रकच्या दहा बॅटऱ्या. पेट्रोल नाही, धूर नाही.

आणि आवाज नाही.

मलकापूरची कुत्री तिच्यावर भुंकायची नाहीत. नुसती बघत राहायची. भुंकायचं नेमकं कशावर, हेच त्यांचं ठरत नव्हतं.

गाडीची एक खोड होती. पायडलवरचा पाय उचलला, की ती ब्रेक न लावताच हळू व्हायची. सायकलचा डायनामो चाकाला टेकवला की पाय जड होतात ना, तसं. चाकं मोटरला फिरवायची आणि वीज परत बॅटरीत जायची. समोर एक काटा होता. वीज वापरली की उजवीकडे, भरली की डावीकडे.

हे झालं शास्त्र.

पण बसणाऱ्याला काय वाटायचं माहितीये? कुणीतरी मागनं गाडी धरलीये. टाचा रोवून. हळूच... सवयीच्या हातानं.

मायामामी पहिल्यांदा बसली तेव्हा तिनं मागं वळून विचारलं होतं, "आवं, मागं कोण हाय?"

मामा हसला होता.

त्या मंगळवारी सकाळी निरोप आला. धोंडुबाईनं, म्हणजे आण्णांच्या थोरल्या बहिणीनं अंथरूण धरलंय. भाऊ बघायचाय म्हणते. आण्णा म्हणजे मामाचे वडील, माझे आजोबा. एसटी थेट संध्याकाळी.

"चला, मी सोडतो गाडीनं," मामा म्हणाला.

"लांबनं जायाचं असंल तर येतो," आण्णा म्हणाले. "त्या चढानं न्हाई."

आण्णा त्या चढानं अठरा वर्षं गेले नव्हते. बहिणीकडे जायला चौदा किलोमीटरऐवजी एसटीनं एक्केचाळीस किलोमीटरचा वळसा घालायचे. का, ते कुणाला सांगत नव्हते.

"आण्णा, एक्केचाळीस किलोमीटर बॅटरी पुरत न्हाई. आत्या वाट बघतीया."

आण्णांनी टोपी दोनदा झटकली. मग टोपी घालून गाडीत बसले.

चढाच्या पायथ्याला मामानं पायडल दाबलं. काटा उजवीकडे गेला. बरोबर.

मग तो मधोमध आला.

मग... डावीकडे.

चढावर बॅटरी भरत होती.

मामानं काटा टिचकी मारून बघितला. पायडलवरचा पाय उचलला. गाडी थांबायला हवी होती. ती चढतच राहिली.

इंजिन नव्हतं, त्यामुळं सगळं ऐकू येत होतं. चाकाखालची खडी. आण्णांचा श्वास.

आणि मागून... आणखी एक श्वास. ओझं ढकलणाऱ्या माणसाचा.

"आण्णा..."

"मागं बघू नगंस. ढकलतोय त्यो."

"कोण?"

"नाथाजी."

माथ्यावर येईपर्यंत आण्णांनी सांगितलं. उसाच्या हंगामात नाथाजी या चढाला उभा असायचा. भरलेली बैलगाडी आली की मागनं ढकलायची. माथ्यावर गाडीची रस्सी कमरेला बांधायची आणि उताराला टाचा रोवून गाडी धरायची. खाली सपाटीला आलं की गाडीवान बैलं थांबवून ओरडायचा, "सोड!" मग नाथाजी रस्सी सोडायचा.

"त्या दिशी मी गाडीवर झोपलो रं. बैलं बिचकून पळाली. मला जाग आली ती पार वढ्याला. तवर..."

"सोड" म्हणायला कुणी जागं नव्हतं, आणि रस्सीला बांधलेला नाथाजी ओढ्यापर्यंत फरफटत मेला होता.

अठरा वर्षांत तिथनं ट्रक गेले, ट्रॅक्टर गेले. नाथाजीनं कुणाला हात लावला नाही. ती वाहनं आवाज करत होती. ही आवाज न करणारी पहिलीच, म्हणजे बैलगाडीच. बैलं नव्हती, हे खरं. पण नाथाजी पुढं येऊन बैलं मोजत बसणारा माणूस नसावा. त्याचं काम मागं.

उतार लागला.

गाडी जड झाली. मामानं पायडलला पाय लावलेला नव्हता, ब्रेकलाही नाही. गाडी इतक्या अलगद उतरली, की आण्णांच्या मांडीवरचा पेढ्यांचा पुडा हलला नाही.

मागून खडीत टाचा घासल्याचा आवाज... खर्र... खर्र...

सपाटी आली.

मामानं पायडल दाबलं. तळापर्यंत दाबलं. गाडी हलेना. मोटर कण्हत होती. काटा उजवीकडे, पार टोकाला चिकटलेला. जळका वास सुटला.

"आण्णा, बोला! सोड म्हणा!"

आण्णांचे ओठ हलत होते. आवाज निघत नव्हता. अठरा वर्षं अडकलेला शब्द तो.

"आण्णा!"

"नाथा..." आण्णा रडत होते. "नाथा, चुकलं रं माजं. सोड आता."

टाचांचा आवाज थांबला.

गाडीनं असा हिसका मारला की पेढे थेट काचेवर.

धोंडुबाई अंगणात बसून भाकरी खात होती. "मेल्याहो, मराय टेकले म्हनल्याबिगर कवा आला असता?" म्हणाली. काचेवरचे पेढे तिनं निवडून खाल्ले.

मामानं बॅटरी तपासली. निघताना होती त्यापेक्षा जास्त भरलेली. मागच्या बंपरवर दोन हातांचे ठसे होते. आतल्या बाजूनं बोटांनी धरून ओढल्यासारखा पत्रा वाकलेला.

येताना ते लांबनं आले. एसटीनं. गाडी आत्याच्या गोठ्यातच राहिली, अजून आहे.

नाथाजीनं गाडी सोडली, हे खरं.

पण आता आण्णा उतारावरनं चालताना मी बघतो. वारा नसला तरी त्यांच्या सदऱ्याची मागची बाजू ताणलेली असते. नव्वदीला टेकलेला माणूस, आजवर कधी घसरला नाही.

परवा मी धीर करून विचारलं.

आण्णा म्हणाले, "आसू दे. या वयात धरणारं कुणीतरी पायजेच की."

तेव्हापासून मी त्यांच्या शेजारनं चालतो. पुढनंही चालतो.

मागनं चालत नाही. मागं जागा नसते.