तडतडीचा माग

"एक, दोन, तीन, चार!"

ढोल्याने काठीवर काठी आपटली आणि झिपरीने गिटारला जोडलेल्या छोट्या डब्याचं पेडल पायाने दाबलं. इलेक्ट्रिक गिटारचा गुळगुळीत आवाज एका झटक्यात फाटला, मोठा झाला आणि वाघासारखा गुरगुरत खोलीभर फिरू लागला. खिडकीची तावदानंसुद्धा थरथरली!

"वा!" कीबोर्डमागून टाचणी ओरडली. "आता पुढचं कडवं!"

"थांबा!" झिपरीने तारांवर तळहात दाबला.

तारा गप्प झाल्या, स्पीकर मात्र गप्प बसेना. तड्... तडतड... तड्!

सुट्टीतल्या शिबिरात या तिघांनी वाद्यवृंद काढला होता आणि सराव चाले सभागृहाच्या वरच्या खोलीत. ढोल्या हा झिपरीच्या वर्गातला. नाव ढोल्या, पण अंगाने काडी! टाचणी झिपरीची मावसबहीण. वय दहा, जीभ मात्र नावाला शोभेल अशी. उद्या दुपारी खाली सभागृहात शिबिराचा समारोप होता. आधी चाळीस चिल्ल्यापिल्ल्यांचं नाटक आणि मग यांची गाणी.

झिपरीने केबल बदलून पाहिली, पेडलची बटणं फिरवून पाहिली. तडतड हटायला तयार नव्हती.

तेवढ्यात दार धाडकन उघडलं. सभागृहाचे व्यवस्थापक काका किल्ल्यांचा जुडगा खुळखुळवत आत आले.

"काय चाललंय काय? खाली मंचावर दिवे लावून बघतोय, तर माणसांना बोलणं ऐकू येत नाही!"

"काका, हा आवाज आमचा नाही," झिपरी म्हणाली. "बघा, मी वाजवतच नाहीये."

"म्हणजे डबा बिघडलाय तुझा! या खोलीत हा डबा पुन्हा दिसता कामा नये. कळलं?"

"पण काका—"

काका निघूनही गेले. झिपरीचे कान लाल झाले. पेडल तिने दप्तरात टाकलं, पण हा प्रश्न सोडून द्यायचा नाही, असं तिने मनाशी पक्कं केलं.

तिची मावशी, म्हणजे टाचणीची आई, स्पीकर आणि वाद्यं दुरुस्त करायची. संध्याकाळी तिने कामाच्या टेबलावर पेडल उघडलं, तपासलं आणि गिटारला जोडलं. झिपरीने तार छेडली. फाटका, दणदणीत आवाज आला. तार थांबली आणि मागे उरली फक्त बारीकशी घूं.

"ठणठणीत आहे की!" मावशी म्हणाली.

"मग तिथे का तडतडतं?"

मावशीने तारांखालच्या पट्टीवर बोट टेकवलं. "हा पिकअप. याच्या पोटात बारीक तारेची वेटोळी आहेत. हा तुझ्या तारा ऐकतो, पण आजूबाजूची वीजही ऐकतो. एरवी ते कुजबुजण्याइतकं असतं. पेडल त्याच कुजबुजीचं ओरडणं करतं. एकसुरी घूं आली तर काळजी नाही. पण थांबून थांबून तडतड येत असेल, तर जवळपास एखादा जोड सैल असेल, ठिणगी उडत असेल. मी उद्या काम उरकून येतेच बघायला."

"म्हणजे पेडल खोटं बोलत नव्हतं!" टाचणी आनंदाने म्हणाली.

झिपरीला आनंद झाला नाही. सभागृहात ठिणगी? आणि उद्या तिथे चाळीस पोरं?

दुसऱ्या दिवशी दुपारी तिघं लवकरच पोचली. झिपरीच्या गळ्यात गिटार, ढोल्याच्या हातात मावशीचा बॅटरीवर चालणारा छोटा स्पीकर आणि टाचणीच्या हातात पेडल. तिघांना केबलने बांधून ठेवलेलं!

"काकांनी बजावलंय ना?" ढोल्या कुजबुजला.

"ते म्हणाले, 'या खोलीत' नको. आपण खोलीत कुठे आहोत? जिन्यावर आहोत!" टाचणी म्हणाली.

"वकील हो तू मोठेपणी!"

जिन्यावर नुसती घूं. बाहेरच्या दालनात घूं. चहाच्या खोलीपाशी तर तीही विरली.

"फिरा मागे," झिपरी म्हणाली. "गरम-गार खेळतो तसं शोधायचं. जिकडे आवाज वाढेल तिकडे जायचं."

"आणि वाढलाच नाही तर?"

"तर पुन्हा पहिल्यापासून."

रंगमंचाच्या बाजूच्या अरुंद बोळात तिघं शिरली मात्र, समोर मंचावरचे नवे दिवे भपकन लागले. रोषणाईवाले काका ते तपासून पाहत होते. आणि स्पीकर बोलू लागला. तड्... तडतड!

झिपरी एकेक पाऊल पुढे सरकली. तडतड वाढली. मंचामागे नवी लाकडी भिंत ठोकलेली होती, तिच्यावर जाड पडदा. गिटार तिथे नेताच स्पीकर तडतडून उठला! झिपरीने नाक वर केलं. जळक्या प्लास्टिकचा बारीक वास येत होता.

"हात लावू नकोस!" टाचणीने तिला मागे ओढलं.

तिघं धावत व्यवस्थापक काकांकडे गेली. काका दारात पालकांना खुर्च्या दाखवत होते.

"काका, मंचामागच्या भिंतीत वायर जळतेय!"

"अरे वा! डोळ्यांनी पाहिलीस?"

"नाही, गिटारमधून ऐकली."

काका हसले. "गिटारमधून! नवं काम आहे ते, महिनाही झाला नाही. दहा मिनिटांत नाटक सुरू होईल, जा, बसा गुपचूप."

ढोल्याने मावशीला फोन लावला. "मी निघालेच आहे, अर्धा तास लागेल," ती म्हणाली. "भिंतीला हात लावू नका. आणि काहीही करून ते दिवे बंद करायला लावा!"

अर्धा तास! पडद्याआड पोरं मुखवटे चढवून ओळीत उभी राहत होती. हातावर हात ठेवून बसायची ही वेळ नव्हती. भिंतीवर लावलेला कार्यक्रमाचा कागद तिने झरझर वाचला आणि तिचे डोळे चमकले.

"काका!" ती पालकांसमोरच मोठ्याने म्हणाली. "नाटकाआधी दोन मिनिटं आमच्या वाद्यांची चाचणी लिहिली आहे. तुमचीच सही आहे खाली!"

पालक बघत होते. काकांनी कागद पाहिला, सही पाहिली. "बरं, बरं. दोन मिनिटं! एकही सेकंद जास्त नाही!"

झिपरी मंचावर चढली. या वेळी केबल गेली ती थेट सभागृहाच्या मोठ्या स्पीकरमध्ये. तिने पेडल दाबलं आणि दोन्ही हात वर केले.

तडतड! तड् तड् तडतड! अख्खं सभागृह दणाणलं. बायकांनी कानांवर हात ठेवले.

"बंद कर तो डबा!" काका ओरडले.

"मी वाजवत नाहीये, काका! सगळ्यांनी बघा, माझे हात वर आहेत!" मग ती रोषणाईवाल्यांकडे वळली. "काका, एकदाच तुमचे दिवे बंद करा ना. एकदाच!"

रोषणाईवाल्यांनी खांदे उडवले आणि बटण खाली ओढलं. दिवे गेले. तडतडही गेली. मागे राहिली नुसती घूं.

"आता लावा!"

तडतड! तड् तड्!

"बंद!"

घूं.

रोषणाईवाल्यांचा चेहरा उतरला. इतक्या वर्षांचा अनुभव असलेल्या त्या माणसाला पुढचं सांगावं लागलं नाही. त्यांनी मुख्य बटण पाडलं, पेचकस घेतला आणि धावतच मंचामागे जाऊन फळी उघडली. आत दोन वायरी नुसत्या पिळून वर चिकटपट्टी गुंडाळली होती. पट्टी वितळली होती, आणि मागचं लाकूड तळहाताएवढं काळं पडलं होतं.

"हे तुम्ही केलंत?" व्यवस्थापक काकांनी विचारलं.

"मीच," रोषणाईवाले मान खाली घालून म्हणाले. "तुम्ही घाई केलीत आणि मी ऐकलं. जोडावर लोखंडी डबी बसवायला हवी होती. नंतर बसवू म्हटलं, ते राहून गेलं."

काकांनी पडद्याकडे पाहिलं. ससा झालेला एक चिमुरडा त्यांच्या पायाशी येऊन विचारत होता, "नाटक नाही होणार?"

"होणार तर!" काका गुडघ्यावर बसले. "सगळ्या खिडक्या उघडा! आज सूर्यच दिवा!"

मावशी पोचली तेव्हा ससे आणि अस्वलं अंगणाकडच्या खिडक्यांतून येणाऱ्या उन्हात नाचत होती. तिने तो काळा पडलेला जोड पाहिला आणि तिन्ही पोरांना एकदम कवेत घेतलं.

नाटक संपल्यावर व्यवस्थापक काका सर्वांसमोर उभे राहिले. "काल मी या मुलीला म्हणालो, डबा बिघडलाय. आज म्हणाली, वायर जळतेय, तर हसलो. चूक माझी होती. ही तिघं गप्प बसली नाहीत, म्हणून आपली मुलं सुखरूप आहेत."

टाळ्या थांबेचनात. ढोल्याने लाजून काठ्यांमागे तोंड लपवलं. दोन काठ्यांमागे लपण्याइतकाच होता तो!

गर्दी पांगल्यावर रोषणाईवाले झिपरीजवळ आले. हातात नव्याकोऱ्या लोखंडी डब्यांची पिशवी होती.

"पोरी, या भिंतीत असे अकरा जोड आहेत. मावशीच्या देखरेखीखाली सगळे नव्याने करतोय. एकेक झाला की तू गिटार घेऊन समोर उभी राहशील? तू 'ठीक' म्हणाल्याशिवाय मी फळी लावणार नाही."

झिपरीने गिटारचा पट्टा खांद्यावर चढवला. "चला, काका. पहिला कुठला?"