काट्यावरचे पंचेचाळीस

लॅपटॉप उलटा केला तं त्याच्या पोटाखाली एक सरकतं झाकण निघालं. नखानं सरकवलं अन् आत बारीक सोन्याच्या दाण्यायची लांबच्या लांब पट्टी! मी ऑफिसात एकटाच होतो तरी "अरे बाप्पा!" म्हणून ओरडलो.

हिंगणघाटच्या बाहेर हैदराबाद रोडवर भैय्याजीयची कापसाची जिनिंग आहे, तिथली ही गोष्ट. दिवाळी तोंडावर होती. कापसाचा सीझन सुरू व्हायचा होता, अन् ऑफिसचा जुना कम्प्युटर उन्हाळ्यात मेलता. त्यालेच मोठा वजनकाटा जोडलेला राहे. मंग भैय्याजीयच्या पुण्याच्या पुतण्यानं, धर्मेंद्रनं, आपला वापरलेला लॅपटॉप पाठवून देला. संगं एक भल्लं वजनदार काळं खोकं.

"त्या खोक्याचं काय करतात ते धर्मेंद्रले बी माहीत नाई," भैय्याजी म्हणाले. "तू पाह्य."

मी पाह्यलं. अन् पागलच झालो.

मी कुठं शिकलो नाई. क्लास नाई, सर्टिफिकेट नाई. लोकायच्या बंद मशिनी खोलून खोलून जेवढं आलं तेवढंच. म्हणून नवं पोर्ट दिसलं का मले भूक लागल्यासारखं होते. लॅपटॉपले सोताचे पोर्ट चारच. दोन चपटे यूएसबी, एक टेलिफोनच्या वायरीचा, एक निळा मॉनिटरचा. पण ते खोकं होतं डॉकिंग स्टेशन! त्याच्या पाठीमागं सगळी जत्रा. जांभळा गोल कीबोर्डचा, हिरवा गोल माऊसचा, गुलाबी लांबट प्रिंटरचा, नेटवर्कचा, स्पीकरचा, अन् कोपऱ्यात नऊ सुयांचा सीरियल पोर्ट. काट्याले तोच पाह्यजे होता, अन् लॅपटॉपमध्ये तोच नव्हता.

लॅपटॉप वरून ठेवायचा, दोन्ही हातानं दाबायचा. खट्ट! सोन्याची पट्टी सोन्याच्या पट्टीवर बसते, अन् पाठीमागच्या सगळ्या वायरी एका दमात जाग्या होतात. बाजूचं बटन दाबलं का लॅपटॉप उतरते. मी त्याले बसवणं अन् उतरवणं म्हणो. त्या दिवशी मी किती खेप बसवला अन् उतरवला त्याचा हिशेबच नाई. त्या आवाजासाठीच करो.

"लेका, पाळण्यातलं लेकरू आहे का थे?" नानाजी दारातून म्हणाले. नानाजी म्हणजे आमचे काटेवाले. केस पिकलेले, आवाज बिन-भोंग्याचा भोंगा. "घडीत उचलते, घडीत निजवते."

"नानाजी, एक डाव तुमी दाबून पाहा."

त्यायनं दाबलं. खट्ट. "मजा आहे बाप्पा," म्हणाले अन् अजून एक डाव दाबलं.

मजा होती, पण जीव बी टांगला होता. भैय्याजीयनं साफ सांगतलं होतं, "रत्नदीप, मुहूर्ताच्या पहिल्या बैलबंडीचं वजन पाहुण्यायसमोर याच्यावर दिसलं पाह्यजे. दिसलं तं जागा तुही, पक्की. नाई तं नागपूरवाला पोट्टा सर्टिफिकेट घेऊन तयारच आहे." घरी बाबायची मिल निम्मे दिवस बंद राहे. मयुरी, माही बहीण, बारावीत. पक्की जागा हा शब्द आमच्या घरात देवाच्या नावासारखा हळू घेत.

तं मी डॉक काट्याच्या केबिनमध्ये नेला अन् वायर लावली. तिथला वजन दाखवणारा लाल आकड्यायचा डब्बा, त्याच्यातून वायर, वायर नऊ सुयांच्या पोर्टात, डॉकवर लॅपटॉप. आकडे येण्याचा स्पीड चुकला तं स्क्रीनवर कचरा येते, उलटेसुलटे अक्षर. एक एक स्पीड लावून पाह्यला. कचरा, कचरा, कचरा, अन् अचानक स्वच्छ आकडे! एकाखाली एक, पाण्यासारखे धावून राह्यले.

४५. ४५. ४५.

मी नाचलोच. मंग डब्ब्याकडे पाह्यलं. डब्ब्यावर शून्य होतं.

खिडकीतून काटा पाह्यला. लोखंडी प्लॅटफॉर्म उन्हात तापून राह्यला होता. वर काईच नव्हतं. काडी बी नाई.

पहिले वाटलं, सेटिंग. पण सेटिंग चुकली तं कचरा येते, पंचेचाळीस येत नाई. सगळ्या सेटिंगा बदलून पाह्यल्या. कचरा तरी, नाई तं पंचेचाळीस. मंग मी पळत जाऊन सोताच काट्यावर उभा राह्यलो अन् नानाजीयले वाचायले लावलं.

"डब्ब्यावर पन्नास!" नानाजी खिडकीतून ओरडले. "अन् तुह्या खेळण्यावर पंच्याण्णव!"

"अजून पाहा!"

"पंच्याण्णवच आहे गा! काऊन, खिशात गोटे भरले का?"

मी परत आलो. मले भेव नाई वाटलं, खरं सांगतो. मले वाटलं, चूक सापडन. असं कायबी सापडतेच. मी डॉकमधून वायर काढली. वायर काढली का आकडे थांबतात. नेम आहे.

आकडे थांबले नाई.

वायरीचं टोक माह्या हातात होतं. स्क्रीनवर पंचेचाळीस चालूच. मंग तीस झाले. मंग पंधरा. मंग शून्य. अन् थोड्या वेळानं हळूच पंधरा, तीस, पंचेचाळीस. कोणी पहिले एक पाय ठेवावा, मंग सावकाश दुसरा, तसं.

मी बाजूचं बटन दाबून लॅपटॉप उतरवला. स्क्रीन गप. बसवला. खट्ट. पंचेचाळीस.

"नानाजी, या काट्यावर कधी कोणी..." मी इचारलं अन् मधातच थांबलो.

"कोणी काय?"

"काई नाई."

"काट्यावर कोण कोण चढलं ते सांगाले बसलो तं सीझन सरन," ते म्हणाले अन् तंबाखू मळू लागले.

दुसऱ्या दिवशी सरकी नेणारी आपलीच बंडी काट्यावर आली. वर दोन मजूर बसलेले. आता आमच्या काट्याची रीत अशी. बंडी काट्यावर उभी राह्यली का नानाजी खिडकीतून भोंगा देत, "उतराऽऽ!" मंग बंडीवरचे सगळे खाली येत, काट्याच्या बाहेर उभे राहत, अन् मंगच वजन होये. माणसाचं वजन कापसात मोजू नये म्हणून. वजन झालं का नानाजी म्हणत, "बसाऽऽ!" अन् सगळे परत चढत. उतरा अन् बसा. दिवसभर हेच दोन शब्द.

माहा एक डोळा डब्ब्यावर, एक डोळा स्क्रीनवर. स्क्रीन डब्ब्याच्या पंचेचाळीस पुढं होता.

"उतराऽऽ!"

मजूर उतरले. डब्ब्याचा आकडा दोघायच्या वजनाएवढा पडला. स्क्रीनचा आकडा जास्त पडला. अन् दोन्ही सारखे झाले. बरोब्बर सारखे! किलोचा फरक नाई!

मी टेबलावर बुक्की मारली. नानाजी दचकले.

"काय झालं बे?"

"जमलं, नानाजी! जमलं!"

"बसाऽऽ!" नानाजीयनं भोंगा देला. मजूर चढले. बंडी गेली. डब्ब्यावर शून्य. स्क्रीनवर पंधरा, तीस, पंचेचाळीस.

दिवसभर तेच पाह्यलं. उतरा म्हटलं का उतरे. बसा म्हटलं का बसे. एक डाव नानाजी चाय प्यायले गेलते तवा मी सोताच हळूच म्हणून पाह्यलं, नुसतं ओठात. "उतरा." स्क्रीनवर शून्य आलं. मले एवढा आनंद झाला का मी हातावर हात घासले. आता तुमी म्हणसान, तुले इचार नाई आला का, उतरते ते कोण? आला ना. पण मले कारण नको होतं. मले शून्य पाह्यजे होतं.

फक्त एक गोष्ट केली. "उतर" म्हणून पाह्यलं, आपण बरोबरीच्याले म्हणतो तसं. आकडा हलला नाई. "उतरा" म्हटलं, हलला. जे होतं त्याले मान लागे.

मुहूर्ताचा दिवस उगवला. काट्याले झेंडूचे हार, प्लॅटफॉर्मवर हळदी-कुंकवाचे बोटं, गेटवर ताशा. पहिली बंडी तानबाजीची. बैलायच्या शिंगायले फुगे बांधलेले, वर पांढराफेक कापूस, कापसावर तानबाजी अन् त्यायची बायको धुरपताबाई, नवं लुगडं नेसून. भैय्याजी पांढऱ्या टोपीत. केबिनमध्ये पाहुण्यायची गर्दी. सगळे त्या काळ्या डॉकवर बसलेल्या लॅपटॉपकडे देवाकडे पाहावं तसे पाहून राह्यले होते.

"हे कायचं आहे गा?" एक पाहुणा.

"हा डॉक आहे काकाजी. याच्या मागं हे जांभळं कीबोर्डचं, हे हिरवं..." मी सगळे पोर्ट दाखवले. माहं तोंडच बंद होये ना.

बंडी काट्यावर चढली. डब्बा एक म्हणे, स्क्रीन पंचेचाळीस जास्त म्हणे. नानाजीयनं "उतरा" म्हणून भोंगा देला. पण ताशा अस्सा कडकडून राह्यला होता का तो भोंगा तिथंच मेला. तानबाजी खाली उतरले ते नानाजीयचा हात पाहून. मंग धुरपताबाई उतरल्या. हसत हसत, नारळ सांभाळत.

स्क्रीन तरी पंचेचाळीस पुढंच.

"रत्नदीप," भैय्याजी हळूच म्हणाले. "दो आँकडे क्यूँ दिख रहे?"

पाहुणे पाहून राह्यले होते. मी लॅपटॉपवर वाकलो. अन् पोटातून ओरडलो.

"उतराऽऽऽ!"

ताशा थांबला. सगळी जिनिंग माह्याकडे पाहू लागली. स्क्रीनवरचे आकडे पडले, तीस पुढं, पंधरा पुढं, अन् डब्ब्याले जाऊन मिळाले.

"वा!" पाहुणे. टाळ्या. भैय्याजीयनं तानबाजीले दुपट्टा-टोपी देली, नारळ फुटला, अन् त्यायनं माह्या पाठीवर अशी थाप मारली का चष्मा पडता पडता राह्यला. "जागा तुही बेटा! पक्की!"

नानाजी खिडकीतून वाकले. तोंड उघडलं. मी त्यायचा हात धरला.

"नानाजी, आजचा दिवस 'बसा' नोका म्हणू."

"काऊन गा?"

"नोका म्हणू ना. 'चला' म्हणा."

त्यायनं मले नीट पाह्यलं. दिवसभर 'चला' म्हणाले. अन् दिवसभर स्क्रीन डब्ब्याबरोबर राह्यला. बंड्या आल्या, गेल्या. रिकाम्या काट्यावर शून्य, शून्य, शून्य. मी त्या शून्याकडे पाहून हसो.

ऊन उतरता उतरता बाबा सायकल घेऊन आले. मिलमधून सरळ. गेटवरच कोणी तरी सांगतलं असन, कारण त्यायच्या मिशा हसून राह्यल्या होत्या. भैय्याजीयनं लॅपटॉप घरी न्यायची परवानगी देली होती, माय अन् मयुरीले दाखवायले. बटन दाबून मी तो डॉकवरून उतरवला, बॅगेत घातला, बॅग गळ्यात.

बाबायनं सायकल काट्याजवळच उभी केली होती. मले पाहून त्यायनं एक हात छातीवर ठेवला, मान झुकवली, अन् कॅरिअरकडे दुसरा हात केला, हॉटेलातल्या दरवानासारखा.

"बसा साहेब, बसा!"

मी हसलो. बसलो.

रस्त्यानं मी बोलतच राह्यलो. डॉक, पट्टी, सुया, खट्ट. बाबा "हो, हो" म्हणत. वणा नदीच्या पुलापर्यंत ते चांगलेच धापा टाकाले लागले होते.

"तुहा लॅपटॉप भल्ला जड आहे बे."

"बाबा, दोन-तीन किलोचा आहे फक्त."

पुलापुढं चढ लागते. तिथं त्यायनं पायडलवर उभं राहून पाह्यलं, जमलं नाई. "उतर जरा," म्हणाले.

मी उतरलो. मागं सरकलो.

सायकल हलली नाई. बाबा पूर्ण वजन टाकून राह्यले होते. मागचं चाक पाह्यलं. ट्यूब दबून रिम रस्त्याले लागाले आली होती. कॅरिअर रिकामं होतं.

"उतरला ना गा तू?" बाबायनं समोरच पाहत इचारलं.

"उतरलो बाबा."

"मंग?"

मले समजलं का काय म्हणायचं आहे. हे बी समजलं का ते म्हटल्यावर बाबायची सायकल हलकी होईन, अन् मंग चढावर मागं त्याच्यासंगं मी राहीन.

बाबायचा शर्ट पाठीले चिपकला होता.

"उतरा," मी म्हटलं. हळूच. मान देऊन.

चाक वर आलं. सायकल अशी सुटली का बाबा हँडलवरच पडता पडता वाचले. भराभर चढ चढून गेले. मी खालीच होतो. पुलावरून वारा येऊन राह्यला होता. मी बॅग छातीशी धरली अन् बाजूले न पाहता चालू लागलो.

वर जाऊन बाबायनं पाय टेकवला, मागं वळून पाह्यलं, डोळ्यावर हात धरला.

"या ना गा लवकर दोघंई," ते ओरडले, "माय वाट पाहून राह्यली."