शेळ्यांना आवडलेली भिंत

"सात शेळ्या! सातही आमची भिंत चाटतायत!" विश्राम खुशीत ओरडला. "बघ धाकू, त्यांनापण आमचं नवं घर आवडलं!"

धाकूच्या अंगाचा तिळपापड झाला. १८८१ सालचा मे महिना होता. कल्याणच्या शाळेला सुट्टी लागून दोघे चुलतभाऊ दिवा गावी आले, तेव्हापासून विश्रामचं एकच पालुपद चालू होतं. आमची हातभर जाड मातीची भिंत! आमचा माळा! धाकूचं घर मात्र कारवीच्या काड्यांच्या कुडाचं.

पण शेळ्या भिंत का चाटत होत्या? विश्रामची पाठ वळताच धाकूने थोडी माती खरवडून जिभेला लावली. खारट! त्याचा बाप मिठागरावर कामाला, त्यामुळे त्याला लगेच कळलं. ही खाडीची माती. पावसाची ओल लागली की भिंत बसणार!

"काय रे?" विश्रामने विचारलं.

"काय नाय."

बसू दे! धाकूला बरं वाटलं. खरंच, खूप बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी विश्रामची धाकटी बहीण मंजुळा गोधडी घेऊन आली. "पावसात मी इथंच निजणार, भिंतीला चिकटून!"

भिंत हिच्यावरच पडली तर! भिंतीची माती खारट आहे, हे धाकूने घरात सगळ्यांना सांगून टाकलं.

भिंत घालणारा पोपट मात्र खवळला. "डोंगराखालची गोडी माती हाय ती! शेळ्या काय, कायपण चाटतात!" विश्रामचे वडील गोमाजी यांनीही मान डोलावली.

"त्याच्याच तोंडून वदवूया!" धाकू विश्राम-मंजुळाला म्हणाला.

तिघांनी भिंतीचं ढेकूळ पाण्यात विरघळवलं, गाळ खाली बसू दिला, वरचं पाणी फडक्यातून गाळलं आणि त्यात पेज शिजवली. दुपारी पोपटने भुरका मारला.

"वा! आज मीठ झ्याक पडलंय!"

"आम्ही मीठ घातलंच नाय!" मंजुळा टाळ्या पिटत ओरडली. "तुमच्या भिंतीचंच पाणी हाय ते!"

गोमाजींनी भिंतीची माती चाखली आणि थू करून थुंकले. पोपटची मान खाली गेली. "तुम्हीच घाई केलीत, शेट. खाडी जवळ पडली, तिथलीच माती आणली."

"शाबास, धाकू! माझी पोर वाचवलीस!" गोमाजी म्हणाले.

धाकूचे कान तापले. "काका, मला कालच कळलेलं. मी जळत होतो, म्हणून गप्प बसलो."

गोमाजी धाकूशेजारी येऊन बसले.

"आणि मी घाई का केली? तुझ्या बापानं नवी होडी घेतली, तिच्यावर जळून! माती बघायचंपण सुचलं नाय. तू निदान एका दिवसात बोललास, बाबा. मला वर्ष लागलं."

दुसऱ्या दिवशी डोंगराखालून मातीची पहिली पाटी आली, ती धाकूच्या डोक्यावर.